खुंट्यांना हात लावायचा न्हाय

मित्रांनो, येडशीच्या एका घरात खिळ्याला टांगलेली मी जुनी गिटार. माझं पोट पोकळ आहे खरं, पण त्यात राग ठासून भरलाय. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या वाद्याकडे जा.

माझं लाकूड कलकत्त्यात घडलं. सोलापूरच्या दुकानातून साखर कारखान्याच्या करमणूक मंडळानं मला आणलं. गळीत हंगामाच्या कार्यक्रमात मी मिरवले. तेव्हा माझ्या सहा तारा सहा जागी लावलेल्या असत आणि पडद्यांवर बोटं दाबली की एकमेकींना धरून बोलत. मग दुष्काळ पडला. ऊस उभ्याउभ्या वाळला, चिमणी थंड राहिली, मंडळाच्या खोलीत कडबा रचला गेला. कारखान्यातले जुने कामगार ज्ञानोबा मला मागून घरी घेऊन आले.

ज्ञानोबांची भीमगीतांची गायन पार्टी होती. आवाज खणखणीत, त्यात वाद नाही. पण त्यांनी पहिलं काम काय केलं? पेटीची काळी एक ही पट्टी दाबली आणि माझ्या साऱ्या तारा त्या सुराला नि त्याच्या पंचमाला आणून बसवल्या. ते नुसत्या उजव्या हातानं छेडायचे, मी तंबोऱ्यासारखी घुमायचे, लोक माना डोलवायचे. वर पार्टीचा रिवाज असा, की खुंट्या पिळायचा मान फक्त म्होरक्याचा. बाकी कुणी बोट लावायचं नाही.

त्यांची नात सुकेशनी सातवीत होती. तिच्या आईनं, मालननं, धाराशिवहून गिटार शिकायचं पुस्तक आणलं. पोरगी चित्रात बघून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरायची: ई मायनरला दोन बोटं ठेवायची, सीला तीन. बरोबर ठेवायची, मित्रांनो! पण तारा मुळातच वेगळ्या लावलेल्या. दाबलेली तार मोकळ्या तारेशी कचाकचा भांडायची.

"पोरीच्या हाताला सूर न्हाय," ज्ञानोबा ओसरीवरून म्हणायचे.

रोज म्हणायचे! मला पोरीच्या मांडीवरून उडी मारावीशी वाटे. सुकेशनी आणखी जोरात दाबायची. बोटांच्या टोकांना वळ उठले, मग फोड आले. टँकरचं पाणी मोजून वापरायचे दिवस, तरी मालन वाटीभर पाणी घेऊन तिची बोटं बुडवायची.

"अगं, परीक्षेत पेन कसा धरशील?"

"डाव्या हातानं कुठं लिहिते मी, आई?"

 मालन आता वाजवणाऱ्यांचे हात न्याहाळू लागली. सासऱ्यांचा डावा हात माझ्या मानेवर काठी धरल्यासारखा असतो, एक तारही दाबत नाही, हे तिनंच हेरलं.

"मामा, पुस्तकात तारा वेगळ्या लावल्यात. खुंट्या जरा पिळू द्या."

"तुझ्या पुस्तकानं किती जयंत्या गाजीवल्यात गं?" ज्ञानोबा उसळले. "रविवारी तालमीत वाजवून दाखव म्हणावं तिला. जमलं तर जयंतीला स्टेजवर बसंल. न्हाय जमलं तर पुन्हा गिटारीला शिवायचं न्हाय."

रविवारी पार्टी जमली. सुकेशनीनं बोटं ठेवली, छेडलं. ढोलकीवाले महेबूब म्हणाले, "पोटाखाली मांजर दाबलंय का काय गं?" सगळे खो खो हसले.

पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पण ती उठली आणि तिनं मला आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

"आबा, तुम्ही दाबा. ह्या दोन जागी."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? ज्ञानोबांनी दाबलं, छेडलं. तोच कल्ला!

"चाचा," महेबूब हळूच म्हणाले, "मांजर तुमच्याकडं आलं की."

"वाद्यच खराब झालंया," ज्ञानोबा गुरकावले. म्हणजे आता दोष माझा! माझी प्रत्येक तार संतापानं थरथरली.

उंबऱ्यातून मालन उठली.  तिनं मला उचललं आणि सगळ्यांसमोर एकेक खुंटी पिळून तारा पुस्तकाप्रमाणे लावल्या. कुणी अडवलं नाही. सुकेशनीनं तीच दोन बोटं, त्याच जागी ठेवली.

मित्रांनो, किती दिवसांनी मी बोलले!

"सूर लई वर गेला," ज्ञानोबा म्हणाले. "मला हितं गाता यायचं न्हाय."

"मग तुम्ही सूर बदला, मामा."

 ज्ञानोबांनी पेटी ओढली, माझ्याशी जुळणारा नवा सूर शोधला आणि गाणं उचललं. सुकेशनीची बोटं एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना अडखळत होती. ती पोहोचेपर्यंत ज्ञानोबा शब्द लांबवून धरत होते.

जयंतीला ती स्टेजवर बसली. सगळे खूश झाले. मी नाही. त्या फोडांबद्दल पोरीला "आमचं चुकलं" असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणून सांगते, मोठे झालात की लक्षात ठेवा. शिकणाऱ्या लेकराला बेसूर म्हणण्याआधी वाद्य आपल्या मांडीवर घ्या. त्यानं दाबलं तिथंच दाबून बघा. मग तोंड उघडा.