गुलाबभाऊंना लागलेलं विशेषण

मित्रांनो, या जंगलातला एकमेव निःपक्षपाती साक्षीदार म्हणजे मी. मी एक जुना कॅमेरा आहे; झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेला, समोरून काहीही गेलं की आपोआप फोटो काढणारा. पहिल्या वर्षी मी जे टिपलं, त्यातलं बहुतेक वाऱ्यानं हलणारं गवत होतं.

जन्म माझा कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. जगवलं मात्र राजुऱ्याकडच्या रानात गुलाबभाऊंनी. वाघ मोजणाऱ्या प्रकल्पावर ते रोजंदारीनं आहेत. माझ्या तोंडावरची कोळिष्टकं काढायची आणि मग मी चालू आहे का हे बघायला स्वतःच वाघ व्हायचं, म्हणजे हातापायांवर रांगत माझ्यासमोरून जायचं, हे त्यांचं काम. फ्लॅश पडला की कॅमेरा ठीक. सगळेच अशी चाचणी घेतात. त्याचं कौतुक कधी कुणी केलं नाही.

या हिवाळ्यात वनखात्याचे प्रणित साहेब नवे आले. मला वनखात्याच्या नाक्यावर मागवून माझं फोटोंचं कार्ड त्यांनी लॅपटॉपला लावलं आणि ते खुर्चीतून उठलेच. पडद्यावर तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस, हातापायांवर, डोळे फाडून थेट त्यांच्याकडे बघत होता. साहेबांनी इंग्रजीत लिहिलं: 'वाइल्ड-आइड' इसम. फोटो गावोगावच्या ग्रुपवर गेला. खाली सूचना: याला जंगलात शिरू देऊ नये.

दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊ नाक्यावर आले ते घामाघूम. सोबत मुलगी संघप्रिया, कॉलेजात इंग्रजी शिकणारी. मी टेबलावरच पडलो होतो.

"साहेब, हा मीच व्हय. कॅमेरा तपासून राह्यलो होतो."

साहेब फोटोकडे बघत, मग त्यांच्याकडे. पटेना.

"संघू, तो शब्द का म्हनते मले?"

"माथेफिरू दिसते तसा, बाबा. डोयात पिसाटपना भरलेला."

"मंग वाघाले म्हनत असन."

"नाई, मानसालेच. आन् सोताले कोनी म्हनत नाई, दुसऱ्यालेच लावते. अचाट योजनेलेही लावते कधी कधी."

साहेब खोकले.

"वाघ जंगलात, मानूस बाहेर," गुलाबभाऊ म्हणाले, "मंग मी काम करू कुठी, साहेब?"

"करून दाखवा," साहेब म्हणाले.

गुलाबभाऊंनी मला टेबलाच्या पायाला बांधलं, तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि पोरीदेखत फरशीवर रांगले. मित्रांनो, मी हादरलो. रानात या रांगण्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. इथं ते बघवेना. पण डोळे मिटायची सोय माझ्यात नाही. फ्लॅश पडला. खरंच पडला का, हे बघायला साहेब गुडघ्यांवर बसून माझ्या तोंडाशी वाकले. पुन्हा पडला.

पडद्यावर दोन फोटो आले. डोळे सारखेच फाटलेले. साहेबांचे जरा जास्तच.

संघप्रियानं तोंडावर ओढणी धरली. साहेबांचा चेहरा पांढराफटक.

"फ्लॅशनं होते, साहेब," गुलाबभाऊ हळूच म्हणाले. "सबचंच होते."

साहेबांनी शब्द खोडला, सूचना मागे घेतली. त्याच दुपारी गुलाबभाऊ मला घेऊन रानात गेले.

तेव्हा मित्रांनो, माणसाला विशेषण लावण्याआधी त्याला तोंडावरचा दुपट्टा तेवढा सोडायला सांगत जा. बाकी, चाचणीचे फोटो कार्ड उघडल्यावर सगळ्यात आधी पुसून टाकायचे असतात.