समीरचं जर्किन

तुम्ही खोटं बोललात, साहेब. जागा रिकामी आहे म्हणालात. ती रिकामी नव्हती, रिकामी केलेली होती. आणि हे तुम्हाला ठाऊक होतं.

एवढंच धम्मदीपला बोलायचं होतं. इस्रायलहून तो दिवाळीच्या तोंडावर परतला, आता थंडी पडली, तरी ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं. राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. दिवाळीत दारासमोर सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा अख्खा मोहल्ला दचकला, या गड्यानं मानसुद्धा वळवली नाही. "काऊन बे, कानात बोळे कोंबून आला का तिकडून?" म्हणून पोरं हसली. तोही हसला, कारण हसायचं असतं.

वर्धा जिल्ह्यात आंजीजवळच्या त्याच्या गावातून विमानात बसून टाइल्स लावायला गेलेला धम्मदीप पहिलाच. त्याच्या पगारावर घराला स्लॅब पडला. आता धाकटा भाऊ रुपेश तिकडच्याच भरतीसाठी घेतलेल्या प्लास्टरच्या परीक्षेत पास झाला होता आणि त्यालाही तिकडेच जायचं होतं. त्यात धम्मदीपला निवडणाऱ्या साहेबांचा फोन आला. रविवारी वर्ध्यात रोजगार मेळावा आहे, येऊन दोन शब्द बोला, पोरांची हिंमत वाढेल.

"स्टेजवर मंग बोलजो, दादा," रुपेश म्हणाला. "मले पयले सांग. जाऊ का नाई जाऊ?"

"काम चांगलं हाये."

"कामाचं नाई इचारलं मी."

धम्मदीप चपला घालू लागला.

"वा रे वा. सोताच्या वक्ताले विमान, अन् भावाच्या वक्ताले तोंडाले कुलूप."

काय सांगणार? तिथं पहिल्या दिवशी त्याला एका अर्धवट बाथरूममध्ये उभं केलं होतं. छातीपर्यंत टाइल्स लागलेल्या, वरची भिंत उघडी. पेन्सिलीनं मारलेली लेव्हलची रेघ तशीच. सांधे असे, की बोट फिरवलं तर कुठं अडकू नये. खिळ्याला एक जर्किन टांगलेलं, कोपरावर हातशिलाईचं ठिगळ. फोरमन योसीनं आपल्या भाषेत फोनमध्ये बोलून फोनकडूनच हिंदीत ऐकवलं, इथून पुढं तू लाव.

"ज्यानं सुरू केलं तो कुठं आहे?"

योसीनं फोन खिशात घातला.

सांगितलं ते काँक्रीटच्या गाडीवरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं; तो अरब, पण इस्रायलचाच नागरिक. आधी टाइल्स लावणाऱ्याचं नाव समीर. आपल्याकडेही असतं. वर्षानुवर्षं रोज पहाटे गेट ओलांडून कामावर यायचा, संध्याकाळी पलीकडच्या आपल्या पॅलेस्टिनी गावी जायचा. तेवीस सालच्या ऑक्टोबरात इस्रायलवर तो मोठा हल्ला झाला आणि गेट बंद, पलीकडच्या सगळ्यांचे परवाने रद्द. समीरचा त्या हल्ल्याशी काडीचा संबंध नव्हता. पण घरी बसवताना तेवढं कोण बघतो?

त्याच ड्रायव्हरनं एकदा रस्त्याकडेची नागफणीची रांग दाखवली. तिथं त्याच्या बापाचं गाव होतं. अठ्ठेचाळीस साली इस्रायल झालं, त्या लढाईत गावचे लोक निघाले, मग त्यांना परत येऊच दिलं नाही. गाव गेलं, कुंपण तेवढं उगवत राहिलं.

आणि योसी? त्याच्या आज्याचं सगळं घर युरोपात मारून टाकलं होतं, ज्यू म्हणून. आजा एकटा वाचला, या जमिनीवर आला आणि म्हणाला, इथून आता कुणी हाकलायचं नाही. योसीच्या बहिणीचा पोरगा त्या ऑक्टोबरात मारला गेला. रॉकेट येत असल्याचा भोंगा वाजला की सगळे जाड भिंतीआड जाऊन बसत, आणि योसी त्या पोराचा फोटो काढून बघत राही.

धम्मदीपनं दोघांचंही ऐकलं. कुणाच्या खांद्यावर हात ठेवावा ते सुचलं नाही. तो टाइल्स लावत गेला. थंडी पडली तेव्हा त्यानं ते जर्किन अंगात घातलं. मापाला बरोबर बसलं. तेच घालून तो घरी परतला.

शनिवारी सकाळी उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या आज्यानं, बापूरावनं, त्याच्या अंगात तेच पाहिलं.

"कोनाचं हाये बे हे?"

"माह्या जागी पयले होता त्याचं, आबाजी."

"मेला का तो?"

"नाई. घरी बसवला."

"अन् जमीन कोनाची हाये ते?"

"दोघं बी म्हणते, आमची."

"हं. अन् तुह्या हाती थापी देल्ली."

बापूरावनं तळहातावर तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, "छप्पन साली आमी धम्म घेतला. मेलेली ढोरं ओढनं सोडलं. तं गावानं आमचं कामच बंद केलं. कापूस फुटून राह्यला होता. पाटलानं दुसरीकडून मानसं आनले, बैलबंड्या भरून. माही माय वावराच्या धुऱ्यावर उभी, अन् तिच्या तासात, कापसाच्या तिच्याच ओळीत, दुसरीच बाई वेचून राह्यली."

"मंग भांडले का तुमी?"

"कोनाशी? तिचं लेकरू तिथंच भुकेनं रडून राह्यलं होतं. पाटील तं घरी जेवाले गेलता." म्हाताऱ्यानं कोपरावरच्या ठिगळावर अंगठा फिरवला. "माय म्हने, तिले कोनी सांगतलंच नसन, हा तास कोनाचा हाये म्हून."

धम्मदीप उठला. नळावर जाऊन हात धुतले, कारण नसताना.

रविवारी मंडपात फ्लेक्सवर त्याचाच हेल्मेटातला हसरा फोटो लागला होता. रुपेश पुढच्याच रांगेत बसलेला. साहेबांनी पाठ थोपटून माइक हातात दिला. "सांगा, कशी संधी मिळाली."

"काम चांगलं हाये," धम्मदीप म्हणाला. "पगार येते. भोंगा वाजते, त्याचीबी सवय होते."

टाळ्या पडल्या. त्यानं जर्किन काढलं, घडी घातली आणि टेबलावर हारांच्या बाजूला ठेवलं.

"हे समीरचं हाये. मी गेलो ते जागा त्याची होती. तुमी मले म्हटलं, रिकामी हाये. खोटं बोलले तुमी, साहेब."

"वेळ कमी आहे, भाऊ," साहेब हसत म्हणाले आणि त्यांनी माइककडे हात नेला.

"हा माहा भाऊ पुढं बसला हाये. तो बी पास झाला. तो कोनाच्या जागी चालला, अन् तो मानूस आज घरी बसून काय खाऊन राह्यला, हे त्याले सांगा. मंग त्याचं तो ठरवन."

आवाज चढलेला नव्हता. टाइल मोजावी तसा तो बोलत होता. कुणीतरी माइक बंद केला. रुपेश खुर्चीतून उठून उभा राहिला होता आणि भावाकडे नाही, साहेबांकडे बघत होता. साहेबांनी पुढचं नाव पुकारायला कागद उचलला.

धम्मदीप जागचा हलला नाही. बिनमाइकचाच म्हणाला, "सांगा ना, साहेब. आमी दोघं बी ऐकून राह्यलो."