रिकामी मोजणी

मला तुम्ही कधी पाहिलेले नाही, मित्रांनो, आणि पाहण्यासारखे माझ्याजवळ काही नाहीही. मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तुमच्या फोनमध्ये माझ्या ज्या बहिणी राहतात, त्या देखण्या. रंगीत चित्रे दाखवतात, गाणी लावतात आणि मधूनच गोल चक्र फिरवत तुम्हाला ताटकळत ठेवतात. मला ती चैन परवडत नाही. मी यंत्रांच्या पोटात राहते. झडप ज्या क्षणी उघडायची त्याच क्षणी उघडायची, नंतर नाही. उशिरा दिलेले बरोबर उत्तर आमच्या घराण्यात चूकच समजतात. त्यामुळे मी जरा तुसडी आहे, असे लोक म्हणतात. असेनही.

एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या कचेरीत मी जन्मले. खालची यंत्रे सुरू झाली की वरची टेबले थरथरत आणि चहा बशीत सांडे. मला विकण्यासाठीच घडवले होते. जो कारखाना पैसे मोजी, त्याला माझी तयार नक्कल मिळे. माझे मूळ लिखाण मात्र कचेरीच्या बाहेर जात नसे. बदल करायचा तर तो त्या मूळ लिखाणातच करावा लागे.

प्रत्येक यंत्राचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, वेगळा असतो. एकाला कळते ते दुसऱ्याला कळत नाही. त्यामुळे दर नव्या प्रोसेसरवर मला पुन्हा बसवावे लागे. नव्या घरात दिव्याचे बटण कुठे, नळ कुठे, हे आधी शोधावे लागते ना, तसेच ते काम. ते एकच माणूस करी. मला या घरातून त्या घरात हलवण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून कचेरीत सगळे त्यांना बिऱ्हाडवाले काका म्हणत. "चल बाई, ऊठ आता," असे ते मला पुटपुटत विनवत. मी जागी झाल्याचा छोटा दिवा लुकलुकला की खुर्चीत मागे टेकत आणि घरी फोन लावत. "अगं, बसली एकदाची. जेवायला येतो."

मी लिफ्ट चालवल्या, माग चालवले, दुधाच्या पिशव्या भरल्या. कारखानदार माझे तोंड भरून कौतुक करत. पण मला अभिमान आहे तो डायलिसिसच्या यंत्राचा. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत, त्यांचे रक्त हे यंत्र स्वच्छ करते. त्यात एक चिमटा आहे. रक्ताच्या नळीत हवेचा बुडबुडा दिसला की त्याने नळी दाबून धरायची, नाहीतर माणूस दगावतो. चिमटा मिटायला किंचित वेळ लागतो. तेवढे थांबण्यासाठी काकांनी मला एक सोपी युक्ती शिकवली होती. काही न करता नुसते आकडे मोजायचे, आणि मग चिमटा मिटला का ते पाहायचे; मिटला नसेल तर यंत्र बंद करायचे. माझा तेव्हाचा प्रोसेसर संथ होता. माझी मोजणी संपेपर्यंत चिमटा मिटलेला असे.

मग दिवस पालटले. एका बड्या कंपनीने आमची कंपनी विकत घेतली. मला जुनी ठरवून माझी विक्री बंद केली आणि मूळ लिखाण कुलपात टाकले. काका निवृत्त झाले. जाताना नियमाप्रमाणे त्यांनी आपल्या टेबलावरच्या संगणकातली मूळ लिखाणाची नक्कलही पुसून टाकली. इतका सरळ माणूस.

एका छोट्या इस्पितळात खिडकीशी दोन डायलिसिस यंत्रे होती आणि दोन्हींत मीच होते. एके दिवशी समोरच्या खुर्चीत काका येऊन बसले. चेहरा सुजलेला, पाय जड. मला वाटले, मला पाहायला आले. तेवढ्यात सिस्टरनी त्यांची बाही वर सरकवली.

"ही मीच बसवलीय बरं का," काका यंत्राकडे बोट दाखवत म्हणाले.

"हो का? मग तिला सांगा, नीट वाग म्हणावं," सिस्टर म्हणाल्या. त्यांना ती थट्टा वाटली.

त्या दिवसापासून त्यांचे रक्त माझ्या देखरेखीखाली फिरू लागले. मी डोळ्यांत तेल घालून काम केले. काकू शेजारी बसून लोकर विणत.

काही महिन्यांनी शेजारच्या यंत्राचा प्रोसेसर जळाला. तसा आता कुठेच बनत नव्हता. इस्पितळाच्या तंत्रज्ञाने त्याच जातीचा नवा, वेगवान प्रोसेसर मिळवला. त्याला जुन्याची भाषा येत होती. माझी नक्कल त्यावर चढवली आणि दिवा लागला. सिस्टरनी रुग्णांना आनंदाची बातमी सांगूनही टाकली.

"थांबा," काका म्हणाले. "आधी मिठाच्या पाण्यावर चालवा. आणि नळीत एक बुडबुडा सोडा."

बुडबुडा आला. मी मोजायला लागले. नव्या प्रोसेसरच्या वेगाने माझी मोजणी सुरू होते न होते तोच संपलीही. पाहते तर चिमटा अजून अर्धा उघडाच. मी भोंगा वाजवून यंत्र बंद केले. पुन्हा चालवले, पुन्हा तेच.

"चिमटा गेलाय का?" तंत्रज्ञाने विचारले.

"चिमटा ठीक आहे. ही पळत मोजतेय," काका म्हणाले. "तिला घड्याळ बघायला शिकवायला हवं होतं. मी आकडे मोजायला लावलं. तेव्हा सोपं पडलं."

"मग बदलू या की."

"एक आकडा बदलायचा, बस. दुपारभराचं काम. पण मूळ लिखाण कुठंय?"

बाहेरून कुणी माझ्यात ढवळाढवळ केली तर मी चालूच होत नाही. रुग्णांच्या जिवाला धोका नको, म्हणून ती कडीही काकांनीच घातली होती.

त्यांनी बड्या कंपनीत फोन लावला. तिथल्या ताई एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. काकांच्या हाताला सुया होत्या, म्हणून काकूंनी फोनचा स्पीकर लावून धरला.

"काका, मी स्वतः वकिलांकडे जाऊन आले. ते म्हणतात, बंद केलेल्या मालाला हात लावला की जबाबदारी आपल्या गळ्यात येते."

"अगं, मला नको देऊस. तूच बदल. तुला येतं."

"येतं हो. पण किल्ली माझ्याकडे नाही ना."

मग काकांनी विचारले, "जेवलीस का?"



आता चालते यंत्र एकच उरले. सगळ्यांना त्यावर बसवताना सिस्टरच्या नाकी नऊ आले. काही जणांना मोठ्या शहरातल्या इस्पितळात जावे लागणार, हे उघड होते. कुणाच्या पदरी तान्हे मूल होते, कुणाला दिसत नव्हते. काका आपणहून म्हणाले, "आम्ही दोघं आहोत. आम्ही जातो बसने."

"अहो, अर्धा दिवस बसमध्ये. तुम्हाला बसवतं तरी का?" काकू म्हणाल्या.

"खिडकीची जागा धरू."

मी तिथेच होते, मित्रांनो. मला सगळे ऐकू येत होते आणि बोलता एक अक्षर येत नव्हते. मला फार वाईट वाटले, आणि त्या क्षणीही मी चिमट्यावर लक्ष ठेवून होते, कारण मला दुसरे काही येत नाही.

हिवाळा सरता सरता काकू एकट्याच आल्या. सिस्टरनी त्यांना खुर्ची दिली.

"काका कसे आहेत?"

"धुक्यामुळे बस सुटलीच नाही," काकू म्हणाल्या. "एकदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. पुढच्या वेळी जायची गरजच उरली नाही."

काकूंनी यंत्राच्या पत्र्यावर तळवा टेकवला. आत मी चालू होते, तो किंचित कंप त्यांना जाणवला असावा. खुर्चीत काकांच्या जागी तान्ह्या मुलाची ती आई होती. काकूंनी तिला विचारले, "थंडी वाजतेय का गं?" आणि पायथ्याची चादर तिच्या अंगावर ओढली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी माझ्यासारख्या वस्तू विकत घ्याल, कुणी बंदही कराल. खुशाल करा, जुन्याला कधीतरी थांबावेच लागते. पण कुलूप लावण्यापूर्वी एवढे विचारा, की ही अजून कुठे चालू आहे आणि तिच्यासमोर कोण बसले आहे. काकांच्या वेळी हे कुणी विचारले नाही. माझा हा शेवटचा प्रोसेसरही आता तापू लागला आहे, आणि त्या बाईचे मूल दाराशी नुकतेच चालायला शिकते आहे.