पोटाखालची अक्षता

मित्रांनो, मी एक जुनी ॲक्शन आहे. मला बोलता येत नाही, आणि याचं इतकं वाईट मला उभ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

ॲक्शन म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला सिनेमातली मारामारी आठवेल. नेमबाजीच्या रायफलीत जिथे गोळी भरतात, जिथे बोल्ट मागेपुढे सरकतो आणि चाप ओढल्यावर जिथे टोला बसतो, तो पोलादी भाग म्हणजे मी. माझ्यापुढे नळी असते, माझ्याखाली लाकडी दस्ता असतो. लोक नळीची लांबी बघतात, दस्त्याचं लाकूड बघून वा वा करतात. माझं नाव कुणी काढत नाही. पण मी केसभर जरी हलले ना, तर सगळ्यांची मेहनत मातीत जाते. मी कधी कुणाचा जीव घेतलेला नाही हेही सांगून टाकते. माझं वैर फक्त कागदावरच्या काळ्या गोळ्याशी.

माझा जन्म जर्मनीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी मला घासूनपुसून अशी केली होती की बोल्ट सरकवला तर आवाजसुद्धा व्हायचा नाही. मग पेटीत बसून मी सिंगापूरला आले, ती कायमचीच. इथली हवा पोलादाची वैरीण आहे. एक दिवस तेलाचा हात फिरला नाही तर अंगावर गंज उमटलाच म्हणून समजा. पण आमच्या नेमबाजी क्लबातले लिम अंकल मला जपायचे. तरुणपणी मी पुष्कळ पदकं पाहिली. टाळ्या नळीला मिळाल्या, पण ऐकल्या मीही. नंतर नव्या रायफली आल्या, हलक्या आणि चकचकीत, आणि मी शस्त्रागाराच्या मागच्या रांगेत जाऊन बसले. किती वर्षं गेली ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

तिथून मला बाहेर काढलं इरानं.

इरा म्हणजे बुकित पंजांगला राहणारी एक काटकुळी मुलगी. तिचे बाबा शिरीष मूळचे पुण्याचे, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. आई कादंबरी अकाउंटंट. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि इराच्या तोंडात दोन्हींची खिचडी, वर वाक्याच्या शेवटी इथल्या लोकांसारखं लाडिक 'ला'. शाळेच्या संघातून ती क्लबात आली तेव्हा लिम अंकलनी तिच्यापुढे चार रायफली ठेवल्या. तिनं सगळ्यांचे बोल्ट ओढून पाहिले आणि माझ्यावर हात ठेवला. "दिस वन, अंकल. सो स्मूद, ला." मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "हाय मावशी."

मला मावशी म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. त्या पोरीवर माझा जीव जडला तो तेव्हा.

आमचं छान जमलं. ती श्वास सोडून थांबायची तेव्हा तिच्या काळजाचे ठोके मला दस्त्यातून ऐकू यायचे, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत ती चाप ओढायची. एकच अडचण होती. माझा लाकडी दस्ता एखाद्या धिप्पाड माणसासाठी बनवलेला. इराचा खांदा रोज दुखायचा आणि मान वाकडी व्हायची. म्हणून शिरीषनी परदेशातून एक ॲल्युमिनियमची चॅसी मागवली. चॅसी म्हणजे नव्या जमान्याचा दस्ता. गाल टेकायची जागा वर-खाली होते, मागचा भाग हवा तितका लांब करता येतो. दुसऱ्याच कंपनीचा तो सांगाडा, पण माझ्या मापाचा होता.

ही २०१६ सालची गोष्ट. डिसेंबरात देशाच्या ज्युनियर संघासाठी निवड चाचणी होती, आणि शिरीषनी घरी अट घातली होती. निवड झाली तर नेमबाजी पुढे चालू. नाही झाली तर बंद, मग फक्त अभ्यास. इरानं मान्य केलं होतं. तिला खात्रीच होती तितकी, आणि खोटं कशाला सांगू, मलाही होती.

चॅसी बसवायचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. त्या दिवशी शिरीषच्या घरी लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा संच, कादंबरीचा मिक्सर, अगदी इराची सायकलसुद्धा पुसून पाटाजवळ मांडत. कुंकवाचं बोट, दोन अक्षता, झेंडूचं फूल. ज्याच्यावर आपलं चालतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, एवढाच भाव. पण मला घरी न्यायची सोय नव्हती. क्लबातली बंदूक क्लबाबाहेर जात नाही. सगळ्यांची पूजा होते आणि मुलीच्या रायफलीची तेवढी राहते, हे शिरीषना खटकत होतं. म्हणून त्या संध्याकाळी ते ऑफिसातून थेट आले, आणि पँटच्या खिशात एक छोटी स्टीलची डबी घेऊन आले.

लिम अंकलनी दोन स्क्रू काढले आणि मला दस्त्यातून अलगद उचललं. इतकी वर्षं ज्याच्या कुशीत होते ते लाकूड बाजूला पडलं. मला उघडं उघडं वाटलं. अंकलनी मला टेबलावर उलटी निजवली आणि पोट स्वच्छ पुसलं. मित्रांनो, हे पोट फार महत्त्वाचं असतं. ते चॅसीवर सगळीकडून सारखं टेकलं पाहिजे. मध्ये काही आलं तर स्क्रू आवळल्यावर मी वाकते, आणि मी वाकले की गोळी भरकटते. अंकल स्क्रू मोजून आवळायचा खास पाना आणायला आतल्या खोलीत गेले.

तेवढ्यात शिरीषनी डबी काढली. पाण्याच्या बाटलीच्या झाकणात कुंकू कालवलं, माझ्या उताण्या पोटावर बोट टेकवलं आणि वर अक्षता ठेवल्या. डोळे मिटून म्हणाले, "लेकीला सांभाळ गं." इतक्या वर्षांत कुणी मला नमस्कार केला नव्हता. मला भरून आलं.

मग अंकलची पावलं वाजली. अंकल रागावतील म्हणून शिरीषनी घाईघाईत टिश्यूनं सगळं पुसलं. सगळं नाही. मागच्या स्क्रूच्या भोकाच्या काठाला एक ओला दाणा कुंकवासकट चिकटून राहिला. अंकलना काय, पोट तर त्यांनी आत्ताच पुसलं होतं. त्यांनी मला सुलटी करून चॅसीत उतरवली, पुढचा स्क्रू आवळला, मागचा आवळला. दाणा माझ्या पोटाखाली कडकन फुटला. तो आवाज फक्त मला ऐकू आला.

पहिल्या काही गोळ्या बऱ्या गेल्या. मग दोन मधोमध आणि तिसरी भलतीकडेच. इरानं गालाची पट्टी बदलली, बूट बदलले, श्वासाची लय बदलली. लिम अंकल पाना लावून बघायचे तर मागचा स्क्रू दर वेळी किंचित सैल निघायचा. तो दाणा चिरडत होता, बसत होता, पुन्हा चिरडत होता. अंकल म्हणायचे, "न्यू चॅसी. मस्ट सेटल डाउन, ला." आणि पुन्हा आवळायचे. मी पुन्हा वाकायचे. प्रत्येक गोळीला मला आधीच कळायचं की ही डावीकडे जाणार, आणि तरी टोला मलाच द्यावा लागायचा.

इरा वाळत चालली. सराव संपल्यावर ती दुर्बिणीत डोळा घालून कागदाकडे बघत बसायची. एकदा ती लिम अंकलजवळ गेली.

"अंकल, ओपन अँड चेक, कॅन?"

"कॅन. बट यू आस्क युअर फादर फर्स्ट."

शिरीष तिथेच बाकावर होते. इरा त्यांच्यापुढे उभी राहिली. मी तिच्या हातातच होते.

"बाबा, आय ॲम नॉट मूव्हिंग. आय नो. आतमध्ये काहीतरी आहे. एकदा उघडून बघू या ना."

"उघडली की सगळं पहिल्यापासून लावावं लागेल. चाचणी तोंडावर आलीय."

"पण बाबा..."

"इरा, कारणं शोधायची नाहीत. मावशी तीच आहे, अंकलनी नीट लावून दिलीय. हलतेयस ती तू. दोष वस्तूत नाही, स्वतःत शोध."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, समजावून म्हटलं. तेच वाईट झालं. रागाला ती पोर भांडली असती. समजुतीला तिनं मान हलवली आणि त्या दिवसापासून खरोखर स्वतःत शोधू लागली. शोधलं की सापडतंच. तिचा हात कापू लागला. दोन ठोक्यांच्या मधली जागा हरवली. आता गोळी कधी माझ्यामुळे भरकटायची, कधी तिच्यामुळे, आणि कुठली कुणामुळे हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. मी अंगातला सगळा ताण ओढून सरळ व्हायचा प्रयत्न केला. पोलादाला प्रयत्न कसला करता येणार, नुसतं म्हणायचं.

चाचणीत ती शेवटून दुसरी आली. रडली नाही. रायफल पेटीत ठेवताना माझ्या बोल्टवरून तिनं बोट फिरवलं आणि पेटी लावली. घरी ठरलं होतं तसंच झालं. नेमबाजी बंद.

नवीन वर्ष लागलं आणि क्लबानं ठरवलं की ज्यांना कुणी वापरत नाही अशा जुन्या ॲक्शन रीतसर कापून मोडीत काढायच्या. त्यात मीही आले. चॅसी विकायची म्हणून शिरीष ती सोडवायला आले. अंकल शेजारच्या कपाटापाशी कामात होते. शिरीषनी स्वतःच स्क्रू काढले, मला उचललं आणि उलटी केली.

स्क्रूच्या भोकाच्या काठाला एक पातळ, लाल, दगडासारखी टणक पापडी होती. खाली चॅसीवर तिचाच ठसा. शिरीषनी नखानं खरवडली. तांदळाचा चुरा आणि कुंकू. माणूस ओळखेलच ना आपल्या घरची अक्षता. ते खुर्चीत बसले आणि पापडी तळहातावर घेऊन बघू लागले.

"समथिंग इनसाइड?" अंकलनी लांबूनच विचारलं.

मित्रांनो, मी वाट पाहत होते. इतकी वाट मी कधीच पाहिली नव्हती.

"नथिंग, अंकल," शिरीष म्हणाले. "जस्ट डर्ट."

ज्या अक्षतेला डोळे मिटून नमस्कार केला होता तिला त्यांनी कचरा म्हटलं. मग ती पापडी टिश्यूत गुंडाळून खिशात घातली, ज्या खिशातून खंडेनवमीला डबी निघाली होती त्याच. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांना वाटलं असेल, पोर आता अभ्यासाला लागलीय, जखम कशाला उकरायची. वाटलं असेल, कोणत्या तोंडानं सांगू.

तेवढ्यात इरा आली. लॉकरची किल्ली परत करायला ती बाबांबरोबरच आली होती. माझ्याजवळ येऊन थांबली. मी टेबलावर सुलटी पडले होते, शिरीषनीच परत सुलटी केली होती. तिनं माझ्यावर तळवा ठेवला.

"सॉरी, मावशी," ती म्हणाली. "तू चांगली होतीस. मीच वाईट."

शिरीषचं तोंड उघडलं. हात खिशाकडे गेला. मी मनातल्या मनात ओरडत होते, सांगा हो, आत्ता सांगा, दोनच शब्द लागतात. त्यांनी खिशावरचा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

"चल," ते म्हणाले. "आई खाली थांबलीय."

आता मी लोखंडी पेटीत आहे, कापायची वाट बघत. मरणाचं मला काही नाही, माझं वय झालंय. मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगते. घरातल्या वस्तूंना नमस्कार जरूर करा, पण नंतर नीट पुसा. आणि एखादं पोर म्हणालं की एकदा उघडून बघा ना, तर हातातलं काम टाकून उघडून बघा. आधी वस्तू बघा, मग पोराकडे बोट करा.

दाणा गेला, पण भोकाच्या आट्यांत कुंकू उतरलंय. तो लाल डाग अजून तिथे आहे. बुकित पंजांगच्या एलआरटी गाडीत एखादी काटकुळी मुलगी आपल्या उजव्या हाताकडे बघत बसलेली दिसली, तर तिला म्हणावं, मावशीनं बोलावलंय. पेटी बंद व्हायच्या आत ये, आणि मला एकदा उलटी करून बघ.