गिअरबॉक्समधला हुंदका

"अहो, कोपर आवरा जरा! चमत्कार बघायला आलेय, बरगडी मोडून घ्यायला नाही," गर्दीत एक बाई कुरकुरली.

गॅरेजच्या फाटकात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये शाळेची पिवळी व्हॅन, आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून मौनीबाबा. नाव मौनी, पण तासभर तोंडाला कुलूप नव्हतं.

"या यंत्रात एक अतृप्त हुंदका अडकलाय! मागच्या महिन्यात यानंच धाकट्या भावाची गाडी उलटवली. तिथून निघाला तो थेट थोरल्याच्या या गाडीत. मिटा डोळे! उघडे ठेवाल तर तुमच्या डोळ्यांत शिरेल."

कोण कशाला विषाची परीक्षा घेतो? सगळ्यांनी डोळे मिटले. बाबांचा शिष्य मंतरलेली बाटली घेऊन गाडीखाली सरपटला आणि घटकाभरानं हात पुसत बाहेर आला.

थोरल्यानं गाडी फिरवून आणली. पंधरा दिवस विव्हळणारी व्हॅन आता मांजरीच्या पावलांनी चालली. भराभर हात जोडले गेले.

एक वहिनी तेवढी हात न जोडता उभी होती. थोरल्याची ही बायको सुट्या भागांच्या दुकानात पंधरा वर्षं काउंटरवर होती. झिजलेल्या गिअरवर बोट फिरवलं की तो किती दिवसांचा सोबती, ते तिला कळे. तिनं घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासात शाळा सुटणार. अठरा पोरं, आणि शाळेपुढचा तो उतार. तिथेच धाकट्या दिराच्या गाडीची चाकं एकाएकी जाम होऊन ती उलटली होती. गाडीत तो एकटाच होता, एवढंच नशीब. आता तो कुबड्या मांडीवर घेऊन भिंतीशी बसला होता, मान खाली घालून.

"अहो, ही गाडी नेऊ नका."

"झालं सुरू तुझं! आवाज गेला ना?"

"आवाज गेला. गिअरचे झिजलेले दात परत आले का?"

"चारचौघांत शोभा नको करूस."

शोभा व्हायची ती होवो. वहिनीनं पदर खोचला आणि ती गाडीखाली शिरली. सगळा गिअरबॉक्स चिखलानं माखलेला, पण तेल भरायच्या बोल्टाभोवती बोटभर जागा लख्ख पुसलेली.

"बाबा, तुमच्या मंत्राला पाना लागतो वाटतं?" ती खालूनच ओरडली.

तिनं घमेलं सरकवलं आणि खालचा बोल्ट काढला. तेलाची धार लागायला हवी होती. पडला तो पिवळट लगदा. वहिनी घमेलं घेऊन बाहेर आली, चिमूटभर लगदा कागदावर दाबला. तेल कागदानं शोषलं. मागे उरलं ते सगळ्यांना दिसलं.

"तो हुंदक्याचा देह आहे, शिवू नका!" बाबा कडाडले.

"मग हुंदका सुताराकडचा दिसतोय. लाकडाचा भुसा आहे हा." कुणीतरी हसलं. वहिनीनं कागद सगळ्यांपुढे धरला. "दात झिजले की एकमेकांवर आपटतात, म्हणून गाडी विव्हळते. भुसा त्यांच्या फटीत बसतो, आवाज दबतो. पण तोच भुसा बेअरिंगकडे जाणारं तेल अडवतो. कोरडं बेअरिंग तापून जाम होतं, आणि धावती चाकं जागच्या जागी थांबतात. तेही उतारावर! अहो, गाडी कण्हत होती ती दुखतंय म्हणून. तोंडात बोळा कोंबला की दुखणं बरं होतं का? डोळे मिटा म्हणणाऱ्यासमोर तरी माणसानं डोळे उघडे ठेवावेत!"

शिष्यानं फाटक गाठलं होतं. थोरल्यानं व्हॅनची किल्ली काढून बायकोच्या तेलकट हातात ठेवली. "शाळेत फोन कर. पोरांसाठी दुसरी गाडी बघायला सांग."

"पण मग धाकट्याची गाडी..." कुरकुरणारी ती बाई बोलू लागली आणि मध्येच थांबली. सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे गेल्या आणि चटका बसल्यासारख्या परतल्या.

दीर कुबड्यांवर उठला.

"अपघाताच्या आठ दिवस आधी माझीही गाडी यांनीच शांत केली होती. इथेच. तुम्ही सगळे होतात, असेच हात जोडून." त्यानं थोरल्याकडे पाहिलं. "दादा, तरी मी तुला यांच्याकडेच घेऊन आलो. माझ्या गाडीचा गिअर गेलाय हे मला तेव्हाच ठाऊक होतं रे. सगळा दोष हुंदक्याचा निघाला असता, तर अपघाताची चूक माझी ठरली नसती."