मी भोंगा झाले त्याची गोष्ट

मित्रांनो, चर्चच्या सभागृहात, रंगमंचाच्या डाव्या अंगाला काळपट लाकडाची जी जाडजूड बाई उभी दिसते ना, ती मी. मी एक जुनी पायपेटी आहे. बोटांनी पट्ट्या दाबायच्या आणि पायांनी भाता हलवत राहायचं, तेव्हा कुठे माझ्या तोंडून सूर निघतो.

मला घडवणारा कारागीर एकेक पट्टी बसवून डोळे मिटून ऐकायचा. स्वतःची मान हलली, तरच पुढच्या पट्टीला हात घालायचा. पुढे मी या चर्चमध्ये आले. लग्न असो, बाप्तिस्मा असो की कुणाला अखेरचा निरोप, माझ्यावाचून पान हलत नसे. "पेटी काय गोड आहे हो!" असं पाहुणे म्हणत आणि मी फुगून जाई. तसं फुगणं हे माझं कामच.

मग विजेवर चालणारा कीबोर्ड आला आणि माझी रवानगी सभागृहात झाली. कुणी माझ्यावर घडीच्या खुर्च्या रचल्या, कुणी गळकी फुलदाणी ठेवली. उंदरांनी भात्याचं कापड कुरतडलं. "जळणाला बरी आहे," असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला. मित्रांनो, तो बोल फार लागला मला.

मला पुन्हा माणसांत आणलं ते आमच्या चर्चमधल्या नर्सबाईंनी. इस्पितळातली पाळी संपली की त्या सभागृहात येत आणि माझ्या फाटक्या भात्यावर चाली बांधत. चर्चच्या मंडळीसाठी त्या एक संगीत नाटक लिहीत होत्या. गोष्ट त्यांची, गाणीही त्यांचीच. नदीच्या दोन काठांवरची दोन गावं भांडतात, मधला पूल पाडतात, आणि एक होडीवाली तेवढी दोन्हीकडच्या माणसांना ने-आण करत राहते, अशी ती गोष्ट.

होडीवालीची गाणी त्या कुणाच्या गळ्यासाठी बेतत होत्या, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. तो गळा त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचा. जाऊबाई शिवणकाम करत. माझ्याशेजारी उभं राहून त्या वर्षानुवर्षं गायल्या होत्या. पण दोघींमध्ये काही वर्षांपासून अबोला होता. सासूबाईंचं आजारपण जाऊबाईंनी एकटीने काढलं. शेवटी इस्पितळात आणलं, तेव्हा थकलेल्या नर्सबाई बोलून गेल्या, "दोन दिवस आधी आणलं असतंत, तर वाचल्या असत्या." त्या दिवसापासून जाऊबाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं आणि गाणंही सोडलं.

होडीवालीच्या कामासाठी जाऊबाईंना चर्चच्या पाळकसाहेबांनी गळ घातली. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्या आल्या. मग तालमींना जी गंमत सुरू झाली, ती काय सांगू!

"पाळकसाहेब, त्यांना सांगा, चाल फार वर जाते," जाऊबाई म्हणायच्या. नर्सबाई समोरच, हाताच्या अंतरावर.

"पाळकसाहेब, त्यांना सांगा, खाली घेते."

"अहो, त्यांना ऐकू आलंय!" घाम पुसत पाळकसाहेब म्हणायचे. "मी पाळक आहे की पोस्टमन?"

दरम्यान माझीही डागडुजी झाली. जाऊबाईंनी जाड रबरी कापड बेतून दिलं, सुतारकाकांनी ते भात्यावर चिकटवलं. कितीतरी वर्षांनी छातीत पुरता वारा भरला आणि मला रडूच आलं. फक्त खालच्या सुराची एक पट्टी जरा जड होती, दाबली की सावकाश वर येई. "चालेल," काका म्हणाले. मला मात्र तिची धास्ती होती.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मुलं निळ्या चादरी हलवून नदी करत होती. सुतारकाकांची होडी चाकांवर डुलत आली. बेकरीवाले काका पंच झाले होते. त्यांची चिकटवलेली मिशी ऐन न्यायनिवाड्यात ओठांवर घसरली, तेव्हा लोक पोट धरून हसले. आणि जाऊबाई गायल्या! जुना, भरदार, थोडा खरखरीत आवाज. त्याला धरून चालताना मी माझं वय विसरले.

मग धुक्याचा प्रवेश आला. होडी वाट चुकलेली, सगळीकडे चिडीचूप. नर्सबाईंनी बोटं उचलली, पण ती जड पट्टी वर येईना. एवढ्या माणसांच्या श्वासाने लाकूड फुगलं होतं. नव्या कापडाच्या भात्यात वारा काठोकाठ भरलेला होता आणि त्या शांततेत मी एकटीच "भोंऽऽऽ" करत राहिले. मित्रांनो, लाज म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. नर्सबाई नखांनी पट्टी ओढत होत्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात जाऊबाई होडीत ताठ उभ्या राहिल्या. "ऐकलंत का?" त्या ओरडल्या. "काठावर कुणीतरी भोंगा वाजवतंय! वल्ही मारा त्या दिशेने!"

चादरींची नदी खळबळली. होडी थेट माझ्याकडे वळली. नर्सबाईंनी केसातला आकडा काढून पट्टीखाली सरकवला, पण ती हलेना. जाऊबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "अगं, पोचलो आम्ही! किती वाजवशील? आता पुरे कर की बाई!"

खट्कन पट्टी सुटली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. लोकांना वाटलं, सगळं ठरवूनच बसवलंय! पण पहिल्या रांगेत दोघींचे नवरे एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत जाऊबाई धाकटीशी थेट बोलल्या, ते हे पहिल्यांदाच.

पडदा पडल्यावर जाऊबाई माझ्यापुढच्या बाकावर येऊन टेकल्या. "पट्टी जड होती तर आधी सांगायचंस ना?"

"कसं सांगणार, ताई? बोलत होतात कुठे?" नर्सबाई म्हणाल्या आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "ताई, आईंबद्दल मी जे बोलले ते खरं नव्हतं. आधी आणलं असतं तरी त्या वाचल्या नसत्या. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मला कुणावर तरी राग काढायचा होता."

जाऊबाईंचे खांदे हळूहळू खाली आले, डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसे. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "एवढं एक वाक्य सांगायला अख्खं नाटक लिहिलंस होय गं?"

दोघी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. माझ्या भात्यातूनही उरलासुरला वारा सुस्कारा टाकून निघून गेला.

आता दर आठवड्याला नर्सबाई मला वाजवतात, जाऊबाई गातात. चाल संथ हवी की जलद, यावरून परवा दोघींची चांगलीच जुंपली. ऐकून जिवाला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादं जुनं वाद्य कोपऱ्यात पडलं असेल. त्याच्यावर फुलदाणी ठेवू नका. झाकण उघडा, धूळ पुसा आणि येईल तसं वाजवा. चुकलात तरी चालेल. आम्हाला चुका सोसतात, मुकं राहणं सोसत नाही.