अंगठ्यापुढचे स्वर

“मानवजातीनं सर्वांत जास्त अन्याय कुणावर केला असेल, तर तो डाव्या हातावर!” असं जाहीर करून गुरुसिद्धप्पांनी तोच हात पियानोवर ठेवला. हात करंगळीपासून अंगठ्यापर्यंत शिस्तीत चढला. मग पट्ट्या सोडून पियानोच्या पलीकडे गेला आणि हवा ढकलून आला. येताना त्यानं स्वरलिपीचा कागद पाडला.

शेजारच्या गुरम्मा शेंगाचटणी द्यायला आल्या होत्या. त्यांनी कागद उचलला.

“अण्णा, ह्याला भाता न्हाय.”

“मला ठाऊक आहे. हाताला सांगा.”

हाताचंही खरं होतं. शुक्रवार पेठेतल्या भजनात गुरुसिद्धप्पांनी जन्मभर पेटी वाजवली, ती उजव्या हातानं. डाव्याकडे फक्त भाता. बायको, शिवलीला, गायची. ओळ संपली की ती श्वास घेई, तेवढ्यात डावा हात भात्यात हवा भरून ठेवी. ती गेली, पेटी कपाटावर गेली. हाताला कुणी कळवलं नव्हतं.

पियानो लेकीचा. लग्न होऊन बंगळुरूला जाताना काव्या तो ठेवून गेली होती. गेल्या दिवाळीत बापलेक समोरासमोर बसले, हवापाण्याचं बोलून झालं आणि दोघं आपापल्या मोबाईलमध्ये शिरले. निघताना तीच म्हणाली, “अप्पा, हा बरोक काळातला एक नाच आहे, मिन्युएट. डावा हात तुम्ही बसवा, उजवा मी वाजवते. पुढच्या वेळी शेजारी बसू.”

समोरासमोर बसण्यापेक्षा ही सोय बरी होती. आणि ती परवा येणार होती.

अडत होतं एकाच चढणीवर. वर जाताना डाव्या हाताची बोटं अंगठ्यापाशी संपत, स्वर मात्र उरत. काव्यानं सांगितलं होतं, अंगठा दाबून ठेवा, मधलं बोट त्याच्यावरून पलीकडं टाका. हात उचलायचा नाही.

“म्हंजे कुंपण ओलांडल्यागत,” गुरम्मा म्हणाल्या.

“कुंपणं ओलांडायचं वय गेलं आता.”

“आलंतं कवा? तुमी तर देवळाची पायरी बी विचारून चढता.”

गुरुसिद्धप्पांनी वाजवलं. मग पुन्हा वाजवलं. चटणीच्या डब्यावर माशी बसली, उठली. आणि मधलं बोट अंगठ्यावरून गेलं, पलीकडच्या स्वरावर पडलं, ओळ न तुटता पुढं सरकली.

“बसलं की! लई झ्याक!”

गुरुसिद्धप्पांनी मुद्दाम जुनी चूक करू पाहिली. बोट आपलं आपण पलीकडं गेलं. पुन्हा करू पाहिली. हात भात्यासाठी थांबेना.

गुरम्मांनी डबा खाली ठेवला. “येते अण्णा,” म्हणाल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.

गुरुसिद्धप्पांनी काव्याला व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल तांब्याला टेकवला आणि सगळा डावा हात वाजवून दाखवला.

“कुठंच तुटलं नाही,” काव्या म्हणाली.

“नाही तुटलं.”

“मला वाटलेलं, तिथं थांबाल. आईसाठी थांबायचात तसं.”

“मलाही.”

खालून एक रिक्षा गेली.

“अप्पा,” काव्या म्हणाली, “मोबाईल जरा खाली वाकवा की. इकडं नुसता पंखा दिसतोय.”